कराटेचा पोशाख घेताना

हुबळीच्या दुर्गदबैल पेठेत मुलामुलींसाठी कराटेचा पोशाख घ्यावयास जाणाऱ्या पालकांस आम्ही थोडे सुचवू इच्छितो. जिगोरो कानो यांनी १८८२ साली सुरू केलेल्या जुदोत प्रतिस्पर्ध्यास अंगरख्याला धरून फेकावयाचे असते, म्हणून तो जाड विणीचा लागतो. कराटे शिकू लागलेल्या मुलास तितका जाड कशास? सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. माप किंचित सैलच घ्यावे.

पैसे अपुरे पडल्यास पोशाख लांबवावा, दातांवरचे रबरी कवच लांबवू नये. पक्का दात पडल्यावर पुन्हा उगवत नाही. हे कवच गरम पाण्यात मऊ करून ज्याच्या त्याच्या दातांवर बसवितात. थोरल्याचे धाकट्यास चालावयाचे नाही. दुधाचे दात पडून नवे आले, की तेही बदलावे लागते.