समजून घ्या : त्सुनामीत बुडालेल्या पियानोत साकामोतो यांना काय सापडलं?

जपानी संगीतकार रियुइची साकामोतो यांचं २८ मार्च २०२३ रोजी वयाच्या ७१ व्या वर्षी कर्करोगाने निधन झालं. 'द लास्ट एम्परर'च्या संगीतासाठी त्यांना इतर दोघांसोबत ऑस्कर मिळाला होता. पण त्यांची खरी ओळख पटते ती उत्तरार्धातल्या संथ, विरळ अँबियंट संगीतातून.

अँबियंट म्हणजे काय?

ठेका नाही, गाणं नाही. खोलीत उजेड असावा तसा सूर असतो. लक्ष दिलं तर ऐकू येतो, नाही दिलं तरी सोबत करतो. ब्रायन ईनो यांच्या १९७८ च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'पासून हे नाव रुळलं.

पियानोची गोष्ट

२०११ च्या त्सुनामीत मियागी प्रांतातल्या एका शाळेचा पियानो पाण्याखाली गेला. साकामोतो यांनी तो वाजवून पाहिला. सूर पार बिघडले होते. सुरुवातीला त्यांना ते ऐकवेना. पुढे मात्र त्यांचं मत बदललं.

पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण कित्येक टनांचा असतो. लाकूड वाकवून, लोखंडी चौकटीत तारा ताणून माणूस त्याला 'सुरात' ठेवतो. साकामोतो यांच्या मते, लाटेने तो पियानो निसर्गाच्या सुरात परत नेला होता. त्याचेच आवाज त्यांनी २०१७ च्या 'असिंक' अल्बममध्ये वापरले.

सूर का विरतो?

तार छेडली की तिची ऊर्जा लाकडात आणि हवेत जाते. काही सेकंदांत सूर संपतो. इंजिनीअरिंगमध्ये आम्ही याला 'डॅम्पिंग' म्हणून शिकलो आणि परीक्षेनंतर विसरलो. साकामोतो यांना कधीच न विरणाऱ्या सुराची ओढ होती. पियानोवर तो मिळत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

शेवटची डायरी

उपचार सुरू असताना त्यांनी '१२' हा अल्बम केला. १२ रचना, आणि नावांऐवजी तारखा. १७ जानेवारी २०२३ ला, त्यांच्या ७१ व्या वाढदिवशी तो आला. सलग मैफल करण्याएवढी ताकद उरली नव्हती, म्हणून रोज थोडं थोडं वाजवत २० रचना चित्रित केल्या. त्यांचा मुलगा निओ सोरा याने त्याचा 'ओपस' हा चित्रपट केला.

'१२' हेडफोन लावून ऐका. सुरांच्या मध्ये श्वासाचा आवाज येतो. तो रेकॉर्डिंगमधला दोष नाही. साकामोतो यांनी तो काढून टाकला नाही.