गुडघेदुखी : गोळ्या आणि सांधेबदल यांच्या मधले उपचार

गुडघ्याचा एक्स-रे काढून घरी आलेला माणूस बहुधा दोनच शब्द सांगतो, 'गॅप आलाय'. खरे तर एक्स-रेत याच्या उलट दिसलेले असते. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये जेवढी जागा दिसायला हवी, तेवढी दिसत नसते. ही जागा रिकामी नसते. तिथे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा असते आणि ती एक्स-रेत उमटत नाही. कूर्चा झिजली की हाडे जवळ येतात, गॅप कमी होतो.

मग गोळ्या सुरू होतात. वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तर पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांवर परिणाम होतो. दुसऱ्या टोकाला सांधेबदलाची मोठी शस्त्रक्रिया उभी असते आणि तिची धास्ती असते. या दोन टोकांच्या मध्ये सुईने किंवा अगदी लहान छेदातून करायचे अनेक उपचार आज शहरांतच नव्हे, तालुक्याच्या गावांतही मिळू लागले आहेत. त्यांतला कोणता कशासाठी आहे, त्यामागे पुरावा किती आहे आणि पैसे व आशा कुठे वाया जातात, हे रुग्णाला माहीत असायला हवे. प्रत्येक उपचाराला एकच प्रश्न विचारायचा : आराम किती दिवस टिकेल, आणि त्या दिवसांत मी काय करणार?

दुखते ते नेमके कुठे?

कूर्चेला मज्जातंतू नसतात, त्यामुळे कूर्चा स्वतः दुखत नाही. दुखते ते सांध्याचे आतले अस्तर, त्याभोवतीचे आवरण, कूर्चेखालचे हाड आणि आजूबाजूचे स्नायू. अस्तराला सूज आली की गुडघ्यात पाणी साचते. हाड उघडे पडले की पायऱ्या उतरताना कळ येते.

झीज मोजण्यासाठी केलग्रेन आणि लॉरेन्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५७ मध्ये मांडलेली शून्य ते चार अशी श्रेणी आजही वापरली जाते. एक्स-रे उभे राहून काढलेला असावा, कारण शरीराचा भार पडल्यावरच खरी जागा कळते. पण श्रेणी आणि वेदना यांचा मेळ दरवेळी बसत नाही. तिसऱ्या श्रेणीचे गुडघे घेऊन जेजुरीच्या पायऱ्या चढणारे लोक आहेत आणि दुसऱ्या श्रेणीत जमिनीवर बसणे सोडलेलेही आहेत. म्हणून उपचार एक्स-रेवर करायचा नसतो, माणसावर करायचा असतो.

सुईच्या आधीची पायरी

वजन आणि मांडीचे स्नायू या दोन गोष्टींना पर्याय नाही. एक किलो वजन उतरले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. मांडीच्या पुढचा स्नायू बळकट असेल तर धक्का आधी तो झेलतो, सांधा नंतर.

खुर्चीवर बसून पाय सरळ करून पाच ते दहा सेकंद धरणे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबणे, हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे, असे हे साधे व्यायाम आहेत. त्यांचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. अनेकजण तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात, कारण व्यायाम करतानाच दुखते. सुईच्या उपचारांची खरी जागा इथे आहे.

स्टेरॉइडचे इंजेक्शन

सांध्यात स्टेरॉइड देण्याची पद्धत अमेरिकी डॉक्टर जोसेफ हॉलंडर यांनी १९५१ मध्ये रूढ केली. हे औषध अस्तराची सूज उतरवते. गुडघा सुजलेला, गरम आणि पाण्याने भरलेला असेल तर काही दिवसांत मोठा फरक पडतो. पण हा आराम थोड्या काळाचा असतो. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्यसंस्थेने २०२२ च्या मार्गदर्शिकेत तो दोन ते दहा आठवडे टिकतो असे म्हटले आहे. व्यायाम करता यावा यासाठी हे इंजेक्शन विचारात घ्यावे, असेही त्याच मार्गदर्शिकेत आहे.

पुन्हा पुन्हा घेतल्यास काय होते? बोस्टनमध्ये झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४० रुग्णांपैकी निम्म्यांना दोन वर्षे दर तीन महिन्यांनी स्टेरॉइड दिले, उरलेल्यांना मिठाचे पाणी. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या वेदनेत फारसा फरक नव्हता. स्टेरॉइड घेतलेल्यांची कूर्चा मात्र जास्त झिजली होती. २०२० मध्ये अमेरिकेतल्याच १५६ रुग्णांच्या अभ्यासात फिजिओथेरपी घेतलेले लोक वर्षअखेरीस इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा बऱ्या स्थितीत होते.

मधुमेह असलेल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. हे इंजेक्शन सांध्यात दिले तरी काही दिवस रक्तातली साखर वाढते, म्हणून त्या दिवसांत साखर तपासत राहावे. सांधेबदल ठरला असेल तर त्याआधीच्या तीन महिन्यांत स्टेरॉइड घेऊ नये, कारण शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

'वंगण' भरण्याचे इंजेक्शन

'गुडघ्यात वंगण भरून आलो' असे लोक म्हणतात ते हायल्युरॉनिक आम्ल. हे द्रव्य निरोगी सांध्याच्या पाण्यात मुळातच असते आणि झिजेत ते पातळ होते. औषध म्हणून ते प्रथम कोंबड्याच्या तुऱ्यातून काढले गेले, आता जिवाणूंच्या साहाय्यानेही बनवतात. तुऱ्यापासून केलेले औषध असेल तर अंडी वा कोंबडीची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना आधी सांगावे.

कल्पना मनाला पटणारी आहे, पण शरीर म्हणजे दाराची बिजागरी नव्हे. भरलेले द्रव्य काही दिवसांत शोषले जाते. आजवरचे अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या आढाव्यात मिठाच्या पाण्याच्या तुलनेत वेदना थोडी कमी झालेली दिसली, पण रुग्णाला जाणवेल एवढी नाही. 'नाइस'ने हे इंजेक्शन देऊ नये असे सांगितले आहे. अमेरिकी अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही सरसकट वापर नको असे म्हटले आहे. काही रुग्णांना आराम पडतो हे खरे. पण 'कूर्चा पुन्हा येईल' असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

पीआरपी : आपल्याच रक्तातून

पीआरपीमध्ये रुग्णाच्या हातातून रक्त घेतात, यंत्रात गरगर फिरवून प्लेटलेटने समृद्ध भाग वेगळा करतात आणि तो गुडघ्यात टोचतात. प्लेटलेटमधले घटक जखम भरून काढायला मदत करतात, त्यावरून ही कल्पना आली. औषध आपल्याच रक्तातले असल्याने ॲलर्जीचा धोका नगण्य असतो.

पुरावा मात्र दुभंगलेला आहे. अनेक लहान अभ्यासांत सुरुवातीच्या झिजेत सहा ते बारा महिने फायदा दिसला. ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर काळजीपूर्वक झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरानंतर पीआरपी घेतलेले आणि मिठाचे पाणी घेतलेले यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही गटांना बरे वाटले होते. सुई टोचून घेतल्याच्या विश्वासानेही वेदना किती उतरते, हे यातून दिसते. शिवाय रक्त किती घ्यायचे, किती वेळ फिरवायचे, किती इंजेक्शने द्यायची याची सर्वमान्य पद्धत नाही. त्यामुळे एका दवाखान्यातले पीआरपी दुसऱ्या दवाखान्यातल्यासारखे असेलच असे नाही.

मूळपेशींची जाहिरात

'स्टेम सेलने गुडघा नवा' अशा जाहिराती सर्वत्र दिसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांतले मूळपेशी-प्रत्यारोपण वगळता इतर वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवा. नंतर २०२२ मध्ये बेंगळुरूच्या स्टेम्प्यूटिक्स कंपनीच्या अस्थिमज्जेतल्या पेशींपासून केलेल्या औषधाला देशाच्या औषध नियंत्रकांनी गुडघ्याच्या झिजेसाठी परवानगी दिली. ही परवानगी त्या एका औषधापुरती आहे. पोटाची चरबी काढून त्यातल्या पेशी तिथेच गुडघ्यात टोचणाऱ्या प्रत्येक केंद्राला तिचा आधार घेता येणार नाही. परवान्याचा कागद मागायला संकोच करू नये.

वेदना नेणारी नस तापवणे

गुडघ्याची वेदना मेंदूकडे नेणाऱ्या बारीक नसा सांध्याभोवती ठरावीक जागी असतात. सोनोग्राफी किंवा एक्स-रेच्या पडद्यावर पाहत त्यांच्याजवळ सुई नेऊन रेडिओलहरींनी टोक साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की नस काही काळ संदेश नेत नाही. ही रेडिओफ्रीक्वेन्सी पद्धत. साधारणपणे तीन नसा निवडतात. खालच्या बाहेरच्या बाजूला पाऊल उचलणारी महत्त्वाची नस जवळ असल्याने ती जागा टाळतात.

आधी चाचणी म्हणून नसेजवळ भूल देतात. काही तास वेदना निम्म्याने तरी उतरली तरच पुढे जायचे, हा नियम पाळणारा डॉक्टर योग्य. कोरियात ३८ रुग्णांवर झालेल्या २०११ च्या अभ्यासात नस न तापवता केलेल्या खोट्या प्रक्रियेपेक्षा या पद्धतीने जास्त आराम मिळाला, आणि तिकडून तिचा प्रसार झाला. आराम बहुधा सहा महिने ते वर्षभर टिकतो. नस पुन्हा वाढते, तेव्हा प्रक्रिया पुन्हा करता येते. स्नायूंची ताकद यात जात नाही. झीज पुढे गेलेली, पण हृदयविकारामुळे वा वयामुळे मोठी शस्त्रक्रिया झेपणार नाही, अशांसाठी हा विचार करण्याजोगा मार्ग आहे. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर आधीच सांगावे.

रक्तवाहिनी बंद करणे

सुजलेल्या अस्तरात नव्या, नकोशा रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांच्यासोबत वेदनेच्या नसाही येतात. जांघेतून बारीक नळी घालून त्या रक्तवाहिन्यांपर्यंत जायचे आणि सूक्ष्म कणांनी त्या बुजवायच्या, ही पद्धत जपानच्या युजी ओकुनो यांनी पुढे आणली. त्यांचा गुडघ्यावरचा पहिला अहवाल २०१५ चा. अनेकांना फायदा झाल्याचे अहवाल आले, पण खोट्या प्रक्रियेशी तुलना करणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत. अनुभवी केंद्रात, शक्यतो अभ्यासाचा भाग म्हणूनच हा उपचार घ्यावा.

दुर्बिणीने 'साफसफाई' नको

लहान छेदांतून दुर्बीण घालून झिजलेला गुडघा धुऊन काढणे एकेकाळी सर्रास होई. ह्यूस्टनमध्ये ब्रूस मोझली यांनी १८० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाची साफसफाई, दुसऱ्याचा गुडघा नुसता धुतला आणि तिसऱ्याच्या त्वचेवर फक्त छेद देऊन टाके घातले. दोन वर्षे पाहिल्यावर तिन्ही गट सारखेच होते. हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. झिजेच्या दुखण्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये, असे आज आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका ठामपणे सांगतात. सुटा तुकडा अडकून गुडघा खरोखर कुलूप लागल्यासारखा अडत असेल, तर गोष्ट वेगळी.

कधी थांबू नये

रात्री झोप लागत नाही, घरातल्या घरात चालणे कठीण झाले आहे, पाय धनुष्यासारखे वाकले आहेत आणि एक्स-रेत हाडाला हाड टेकले आहे, अशा वेळी एकामागून एक इंजेक्शने घेत बसणे म्हणजे दुखणे लांबवणे. झीज एकाच बाजूची असेल तर अर्धा सांधा बदलता येतो. तरुण वयात नडगीचे हाड कापून पायाची रेषा सरळ करता येते. याबद्दल अस्थिरोगतज्ज्ञाशी वेळेत बोलावे.

कोणतेही इंजेक्शन घेतल्यावर दोन-तीन दिवसांत दुखणे वाढत गेले, गुडघा लाल-गरम झाला किंवा ताप आला, तर फोनवर सल्ला विचारत न बसता त्याच दिवशी रुग्णालयात जावे. सांध्यात पू होणे विरळा आहे, पण उशीर झाला तर सांधा जातो.

डॉक्टरांना विचारा

माझी वेदना सांध्यातूनच येते आहे का, की कमरेतून किंवा खुब्यातून? सुचवलेल्या उपचाराने आराम किती काळ टिकेल? औषधाचे नाव, मात्रा आणि खर्च लिहून द्याल का? फायदा झाला नाही तर पुढे काय? आणि सोबत कोणता व्यायाम करू? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तर उपचार अर्धाच आहे.

वर सांगितलेल्या एकाही नेहमीच्या उपचाराने झिजलेली कूर्चा परत येते असे सिद्ध झालेले नाही. सुईने मिळतात ते काही बरे आठवडे किंवा महिने. ते दिवस नुसते आरामात घालवले तर सुई पुन्हा लागते. त्याच दिवसांत मांडीचे स्नायू बळकट केले आणि चार-पाच किलो वजन उतरवले, तर सुई सार्थकी लागते. इंजेक्शनची तारीख घ्याल त्याच दिवशी फिजिओथेरपिस्टची तारीखही घ्या.