जिथं बोट पोचत नाही

सकाळी ६:३०. चाकणला पहिली शिफ्ट. विजेनं धातू विरघळवणाऱ्या मशीनआधी मी पाणी बघतो. पाणी म्हणजे सोडियम नायट्रेटचं द्रावण. ते तापलं की वीज जास्त वाहते आणि धातू ठरल्यापेक्षा जास्त विरघळतो. म्हणून तापमान, पीएच वहीत उतरवल्याशिवाय बटणाला हात लावत नाही.

७:१५. जॉब डिझेल पंपाच्या पोलादी बॉडीचा. आत दोन भोकं एकमेकांना छेदतात, तिथं ड्रिलनं सोडलेली बारीक बर, म्हणजे धातूची कुसळी, लोंबत असते. कानस पोचत नाही, बोट तर नाहीच. ही बर पुढं सुटली तर नोझलच्या बारीक भोकात अडकते आणि ट्रॅक्टर शेतात उभा राहतो. माझं गाव आखाडा बाळापूर. ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभा राहणं काय असतं, ते मला सांगावं लागत नाही.

८:००. जॉब फिक्स्चरमध्ये बसवला, टूल आत गेलं. टूल कुठंच टेकत नाही. मधल्या बारीक फटीतून द्रावण जोरात वाहतं. जॉबला धन, टूलला ऋण. व्होल्ट थोडे, अँपिअर भरपूर. बर टूलच्या सगळ्यात जवळ, म्हणून वीज तिच्यावरच एकवटते आणि तीच आधी विरघळते. काही सेकंदांत कडेला गोलाई येते. फॅरेडेचा १८३३-३४चा हिशेब अजून तोच : १ अँपिअर तासभर वाहिला की साधारण १ ग्रॅम लोखंड जातं. टूल मात्र झिजत नाही; त्याच्यावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, म्हणून एक्झॉस्ट बंद ठेवायचा नाही.

११:२०. फटीत चिप अडकली. ठिणगी पडली, टूलचं टोक जळालं, जॉब भंगारात. फिल्टर मी सकाळी उघडून बघायला हवा होता.

१:००. डबा. गावाहून अण्णांचा फोन.

“हळद पॉलिशला टाकली बघ. तू काय करायलास?”

“मी बी पॉलिशच करायलोय अण्णा, लोखंडाला. पण आतून.”

ढोलात हळकुंडं एकमेकांवर घासतात, साल निघते, रंग उजळतो. आतल्या भोकात घासायला काहीच जात नाही. तिथं पाणी आणि वीजच जाते.

२:००. जॉब लगेच धुवायचे, तेलात बुडवायचे. द्रावणातलं मीठ राहिलं की रात्रीत गंज धरतो. टाकीतला तपकिरी गाळ फिल्टर प्रेसला लावला. विरघळलेलं लोखंड हायड्रॉक्साइड होऊन त्यात बसलेलं असतं. स्टेनलेसचा जॉब असला तर द्रावणात विषारी क्रोमियम उतरतं. तो गाळ वेगळा, हातमोज्यांशिवाय नाही. इथं घाई करणाऱ्यावर मी ओरडतो.

३:००. शेवटच्या जॉबमध्ये बोअरस्कोप घातला. कड गोल, स्वच्छ. वही दुसऱ्या शिफ्टच्या हाती दिली आणि फिल्टर बदलल्याचं तोंडानंही सांगितलं.