तापित नळी (सीपॅप)
तापित नळी किंवा हीटेड ट्यूब ही झोपेतील श्वासरोधावरील (स्लीप ॲप्निया) सीपॅप उपचारात वापरली जाणारी लवचिक नळी आहे. यंत्रातील दाबयुक्त हवा ती रुग्णाच्या मुखवट्यापर्यंत पोहोचवते. सीपॅप उपचार ऑस्ट्रेलियातील डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८० साली विकसित केला.

कार्यपद्धती
दाबयुक्त हवेने नाक व घसा कोरडा पडू नये, म्हणून यंत्राला आर्द्रक जोडतात. ३० अंश सेल्सियसच्या संपृक्त हवेत दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प असते. २० अंशांना तीच हवा जेमतेम १७ ग्रॅम सामावू शकते. त्यामुळे थंड किंवा वातानुकूलित खोलीत साध्या नळीत बाष्पाचे पाणी होते. नळीत गुडगुड आवाज येतो, दाब डळमळतो आणि कधी पाणी थेट नाकात शिरते. या त्रासाला कंटाळून मध्यरात्री मुखवटा काढून ठेवल्यास उरलेली रात्र उपचाराविना जाते. तापित नळीच्या भिंतीत विजेची बारीक तार गुंडाळलेली असते. ती हवेचे तापमान दवबिंदूच्या वर राखते. अनेक नळ्यांत मुखवट्याच्या बाजूस तापमान-संवेदक असतो.

नळी स्वतः बाष्प निर्माण करत नाही. आर्द्रक रिकामा असताना केवळ उष्णता वाढवल्यास हवा उलट अधिक कोरडी भासते.

वापर
तापमान साधारणतः १६ ते ३० अंशांदरम्यान ठरवता येते. पाणी साचत असल्यास नळीचे तापमान थोडे वाढवतात किंवा आर्द्रता कमी करतात. यंत्र उशीच्या पातळीखाली ठेवल्यास साचलेले पाणी नाकाकडे वाहत नाही. विद्युत जोडणीमुळे ही नळी विशिष्ट यंत्रालाच चालते. तिच्यामुळे उपचारातील सातत्य वाढतेच, असे मात्र अभ्यासांतून ठामपणे सिद्ध झालेले नाही.

देखभाल
आठवड्यातून एकदा नळी यंत्रापासून सोडवून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुतात, स्वच्छ पाण्याने खंगाळतात आणि उन्हापासून दूर टांगून वाळवतात. पावसाळ्यात वाळण्यास अधिक वेळ लागतो. ओली नळी यंत्राला जोडू नये. ब्लीच व धुलाईयंत्र वर्ज्य आहे. नळीतील ऊब जंतू मारण्याइतकी नसते, त्यामुळे धुणे टाळता येत नाही. ओझोन वा अतिनील किरणांनी सीपॅप स्वच्छ करणाऱ्या उपकरणांविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये सावधगिरीची सूचना दिली होती. आर्द्रकात ऊर्ध्वपातित पाणी वापरल्यास क्षारांचा थर बसत नाही. चीर पडलेली किंवा तार उघडी झालेली नळी चिकटपट्टी लावून वापरू नये, बदलावी.