दुर्बीण घेताय? जरा थांबा!

शनीची कडी पाहायची म्हणून मुलं हट्ट धरतात आणि आपण खोक्यावरचं ‘६७५ पट मोठं’ वाचून भुलतो. पण मैत्रिणींनो, दुर्बिणीचं खरं बळ पुढच्या भिंगाच्या व्यासात! ६० मिलिमीटरचं भिंग १२० पटींपुढे ताणलं, की चित्र मोठं पण धूसर. त्यात स्टँड लटपटता असला तर बघायलाच नको.

माझं विचाराल तर आधी १०×५० ची द्विनेत्री घ्या. कोपरं गच्चीच्या कठड्यावर टेकवलीत, तर गुरूचे चार चंद्रसुद्धा दिसतात. शनीची कडी मात्र तिच्यातून नाही दिसायची. त्यासाठी मोठी दुर्बीण घेण्याआधी पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचं खगोल मंडळ यांच्या आकाशदर्शनाला एकदा जाऊन या. आणि सूर्याकडे दुर्बीण कधीही वळवू देऊ नका. क्षणात डोळा जाईल.

चंद्राचा फोटो नेत्रिकेला मोबाइल लावूनही निघतो. ताऱ्यांचं तसं नाही. आकाश तासाला १५ अंश सरकतं, त्यामुळे जास्त वेळ घेतलेल्या फोटोत ठिपक्यांच्या रेघा होतात. ताऱ्यांमागे फिरणारा स्टँड महागडा, तेव्हा ती हौस पुढच्या दिवाळीला!

पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून दुर्बीण ठेवा; पदराने भिंग मुळीच पुसू नका. घराच्या विम्यात तिची किंमत वेगळी लिहून घ्या, बिल नि नंबर जपा. सहलीला नेली तर भरपाई मिळेल का, हे आधीच विचारा. बुरशीचे पैसे मात्र सहसा मिळत नाहीत, बरं का!