दर्यावर्दी आणि इंग्रजीची परीक्षा

मालवण, देवगड, वेंगुर्लें या बंदरांकडील तरुणांनीं मुंबईस जाऊन आगबोटीवर चाकरी धरावी, ही कोंकणांतील जुनी रीत. त्या काळीं भाषेचें ओझें निराळ्याच खांद्यावर असे. इंग्रज अधिकाऱ्यांस खलाशांची बोली समजावी म्हणून थॉमस रोबक यांचा इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक कोश १८११ सालीं कलकत्त्यास निघाला. १८८२ सालीं जॉर्ज स्मॉल यांचा लस्करी बोलीचा कोशही प्रसिद्ध झाला. आज तऱ्हा उलटली आहे. एकाच जहाजावर फिलिपिनो, युक्रेनी आणि कोंकणी माणसें असतात व त्यांची सामाईक भाषा इंग्रजी. सुकाणूवर उभ्या राहणाऱ्या साध्या खलाशासही इंग्रजी हुकूम कळलाच पाहिजे, असें आंतरराष्ट्रीय करारानें ठरविलें आहे. पुष्कळ कंपन्या नोकरीपूर्वीं मार्लिन्ससारखी परीक्षाही घेतात.

शाळेंत दहा वर्षें इंग्रजी शिकलेला मुलगा येथें अडतो तो बहुधा व्याकरणावर नव्हे, आंकड्यांवर. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' हे शब्द यंत्रांच्या घरघरींत सारखेच ऐकूं येतात. त्यांत मराठी माणूस 'बावन्न' म्हणतांना दोन आधीं उच्चारतो, पन्नास मागून. घाईंत ५२ चे २५ व्हावयास वेळ लागत नाहीं. म्हणून समुद्रावर १५० हा आंकडा 'वन फाइव्ह झीरो' असा अंक फोडून सांगतात. विद्यार्थ्यास हें नुसतें समजावून भागत नाहीं. जिभेस वळण लागावें लागतें.

दुसरी अडचण विनयाची. वडील माणसास 'पुन्हां सांगा' म्हणणें आपल्याकडे उद्धटपणाचें वाटतें, आणि न समजलेल्या प्रश्नासही मुलगा 'यस सर' म्हणून मोकळा होतो. जहाजावर हा विनय घातक ठरतो. 'पोर्ट टेन' असा हुकूम येतांच सुकाण्यानें 'पोर्ट टेन' असेंच परत म्हणावयाचें असतें, म्हणजे ऐकण्यांतील चूक तेथल्या तेथें उघडी पडते. न समजल्यास 'से अगेन' म्हणावें; त्यांत कमीपणा नाहीं. १९९० च्या एप्रिलमध्यें 'स्कँडिनेव्हियन स्टार' या प्रवासी जहाजास आग लागून १५९ माणसें दगावलीं. तेथील नानादेशीय नोकरवर्गास एकमेकांची भाषा धड कळत नव्हती, हेंही त्या अनर्थाचें एक अंग होतें.

गंमत अशी, कीं शाळेंत कौतुकानें शिकविलेला 'मे आय' येथें बाद आहे. 'मे' या शब्दांत परवानगीही येते आणि शक्यताही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनें २००१ सालीं मंजूर केलेल्या प्रमाण वाक्यांत त्याऐवजीं आधीं 'क्वेश्चन' म्हणावयाचें आणि मग 'डू आय हॅव परमिशन' असें सरळ विचारावयाचें.

हा सराव समोरासमोर बसून करूं नये. ओठ दिसले कीं अर्धें काम डोळेच करतात. घरांतील कोणींतरी शेजारच्या खोलींतून फोनवर आंकडे व हुकूम सांगावेत, स्वयंपाकघरांत मिक्सर चालूं असला तर उत्तमच, आणि मुलानें प्रत्येक हुकूम परत म्हणून मगच कागदावर लिहावा.