वाकळ : रंगांचा मेळ आणि माणसांचा

आपण सर्वजण जिच्या उबेत लहानाचे मोठे झालो, तिच्याविषयी चार शब्द बोलण्याचा प्रसंग सहसा येत नाही. ती म्हणजे वाकळ. पुण्याकडे तिला गोधडी म्हणतात, निपाणी-बेळगाव ओलांडून कानडी मुलुखात गेले की तिची कौदी होते. पाहुणा आला की आपण धुतलेली चादर पुढे करतो आणि वाकळ कोपऱ्यात सारतो. ठिगळांची म्हणजे दारिद्र्याची, असा आपला समज. पण ज्यांच्या अंगावरील ठिगळांमुळे लोक त्यांना गोधडेबाबा म्हणत, त्या गाडगेबाबांपुढे (१८७६–१९५६) साऱ्या महाराष्ट्राने मान तुकविली, हे आपण विसरतो. वाकळ ही केवळ गरज नसून तीत एक शास्त्र आहे व एक समाज आहे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम शास्त्र पाहू. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. दोन-दोन मीटरांचे चार तुकडे केले की दोन जोडून वरचा पदर होतो व दोन जोडून खालचा. मधल्या पोटात धोतराचे धडपे, पटक्याचे तुकडे, जुनी झबली असे जे अगदी विरलेले असेल ते जाते. म्हणजे घरातील प्रत्येक माणसाचे काही ना काही त्या पोटात असतेच. मग कडेपासून धावदोरा सुरू होतो. चारी बाजूंनी एक फेरा पुरा झाला की बोटभर आत दुसरा, त्याच्या आत तिसरा, असे करीत सुई मध्यावर येते. कडा आधी बंद झाल्यामुळे आतील चिंध्या सटकत नाहीत आणि कापडाचा सैलपणा हाताने आत-आत सारता येतो. ओळ सरळ राहावी म्हणून वेगळी रेघ मारावी लागत नाही. आधीची ओळ हीच पुढच्या ओळीची पट्टी.

वाकळ ऊबदार का असते? कापडाच्या थरांमध्ये जी हवा कोंडून राहते ती अंगची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणूनच टाका फार आवळला तर वाकळ फळीसारखी होते आणि ऊब जाते. फार सैल राहिला तर धुताना पोटातील चिंध्यांचा गोळा होतो. या दोहोंमधील माप पुस्तकात लिहिलेले नाही, ते बोटांत असते. ओळी जवळजवळ असल्याने एखादा दोरा तुटला तरी शेजारचे दोरे भार घेतात. विरलेल्या लुगड्याला पुन्हा दहा-पंधरा वर्षांचे आयुष्य मिळते ते याच कारणाने.

आता रंगांकडे वळू. ठिगळे हाताला येतील तशी लावलेली असतात असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा शिवणाऱ्यांच्या शेजारी बसावे. आम्ही एका उन्हाळ्यात असे बसलो होतो. सोप्यावर चौघीजणी चार कडांना होत्या. धाकटीने एक हिरवा तुकडा मांडला, तोच थोरली म्हणाली, “अगं, त्यो हिरवा हितं नगं. काळ्याच्या कडंला घाल, मंग बघ कसा उठतोय.” तुकडा हलला, आणि खरोखरच त्याला उठाव आला. काळी चंद्रकळा जमिनीसारखी पसरावयाची आणि तिच्यावर लाल, पिवळे, हिरवे बसवावयाचे. धोतराचा पांढरा दोन भडक रंगांच्या मध्ये, म्हणजे ते एकमेकांशी भांडत नाहीत. कडेला गडद रंग, कारण मळ तेथेच जास्त बसतो. इरकलीचा काठ आणि खणाचा तुकडा मध्यावर, कारण नजर तेथे आधी जाते. चित्रकलेच्या वर्गात हेच नियम वेगळ्या नावांनी शिकवितात.

रंगाबरोबर कापडाचीही पारख लागते. नवा लाल तुकडा लावण्याआधी त्याचा कोपरा भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहतात; रंग उतरला तर तो तुकडा बाजूला. नवे मांजरपाट आधी धुऊन आटवून घेतात, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आखडून भोवतीचे कापड ओढते. दणकट नवे कापड विरलेल्या जुन्याला नुसते जोडले तर जोडाशेजारी जुने फाटते. म्हणून जुन्याखाली आणखी एक थर द्यावयाचा. तुकडा तिरका कापला तर ताणला जातो, तेव्हा तो उभ्या-आडव्या धाग्यांच्या सरळीतच फाडावयाचा. ही सारी विद्या बोलता-बोलता एका हातातून दुसऱ्या हातात जाते.

आणि येथेच वाकळेचा समाज येतो. वाकळ एकटीने शिवता येत नाही असे नाही. पण चौघी बसल्या तर महिन्याचे काम आठवड्यात होते. आज माझी, उद्या तुझी. एकीकडे तांबड्याची वाण असेल तर दुसरी आपल्या गाठोड्यातून काढून देते. सुई चालू असता मान खाली असते, आणि मान खाली असली की जे समोरासमोर बोलवत नाही तेही बोलता येते. लेकीच्या सासरचा जाच, नवऱ्याचे व्यसन, भरावयाचा हप्ता, हे सर्व त्या चार कडांमध्ये बोलून होते. उपाय नेहमी सापडतोच असे नाही. पण “आक्का, उद्या मी येते तुझ्यासंगं” एवढे म्हणणारी मिळते. बाळंतिणीच्या घरी जाणारे दुपटे आजीच्या जुन्या लुगड्याचे का असते? ते मऊ असते हे एक कारण; शिवाय ते तिघीचौघींच्या हातचे असते, म्हणजे बाळामागे किती बाया उभ्या आहेत हे त्यात दिसते.

ही रीत आपल्यापुरती नाही. उत्तर कन्नडमधील आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक कवंदी शिवतात आणि तिच्या कोपऱ्यांवर ‘फुला’ नावाचे घडीचे तुकडे लावल्याखेरीज ती पुरी झाली असे मानीत नाहीत. बंगालची कांथा जुन्या साड्यांचीच. अमेरिकेत अलाबामा राज्यातील गीज बेंड या खेड्यातील कृष्णवर्णीय स्त्रिया शेतावरच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या थंडीसाठी शिवीत. १९६६ साली त्या भागातील स्त्रियांनी आपली सहकारी संस्था काढली, २००२ साली गीज बेंडच्या गोधड्या मोठ्या कलासंग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या आणि २००६ साली त्यांची चित्रे टपाल तिकिटांवर आली. चिंधी तीच, पाहणाऱ्याची दृष्टी बदलली.

आपल्याकडे काय झाले? १९०६ साली शाहू महाराजांनी कापड गिरणी काढली. आज ती बंद आहे. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला व ते गाव कापडाचे झाले. पण घरोघरच्या पेटीत आता सुती लुगडी नाहीत, कृत्रिम धाग्याच्या साड्या आहेत. त्यांची वाकळ घसरते, घाम टिपत नाही. नवरात्राच्या आधी पंचगंगेच्या घाटावर वाकळा धुण्याची गर्दी जमत आली, तीही ओसरू लागली आहे. उलट शहरांतील दुकानांत गोधडी चढ्या किमतीला विकली जाते. मात्र शिवणारीला नगावर मजुरी मिळते, रंग दुसराच कोणी ठरवितो, आणि चौघींची बैठक मोडून चौघी चार घरांत एकेकट्या शिवीत बसतात. वस्तू टिकली आणि तिच्यातील माणूस गळला, असा हा व्यवहार आहे.

२०१९ च्या ऑगस्टातील महापूर ओसरल्यावर आपल्या रस्त्यांच्या कडेला भिजलेल्या अंथरुणांचे ढीग पडले होते. आमच्या माहितीतील एका घरी आईच्या हातची एकुलती वाकळ चिखलाने कुजली. मदतीची ब्लँकेटे आली, त्यांचा उपयोगही झाला; पण ती बाई सुन्नच होती. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या काकी, वैनी, आत्या एकेक तुकडा घेऊन तिच्या सोप्यावर येऊन बसल्या. जुन्या वाकळेतला वाचलेला वीतभर काठ त्यांनी नेमका मध्यावर बसविला. शिवताना ती बाई प्रथम रडली आणि मग, फार दिवसांनी, बोलू लागली.

आम्हांस एवढेच सुचवावयाचे आहे. घरातील सुती कापड भांडीवालीला देण्यापूर्वी एकदा उलगडून पाहा. वाकळ शिवून घ्याल तर मजुरी नगावर न ठरविता दिवसावर ठरवा, शिवणाऱ्या दोघीतिघी एकत्र बोलवा, आणि रंग त्यांना निवडू द्या. जमल्यास एक दुपार तुम्हीही कडेला बसा. टाका वाकडा पडला तर शेजारची सांगेल. आणि सांगणारी शेजारी असणे, हीच वाकळेची खरी ऊब आहे.